फादर घरी आले म्हणजे संपलं? आमच्या घरातलं एक वर्ष

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नाही, किंवा ज्यांचा एक इअरफोन कायम बंद पडलेला असतो, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे अडखळले ते इथे काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.

मागे एका श्रोत्याने विचारलं होतं, "तुम्हा ख्रिश्चनांचं नवीन वर्ष एक जानेवारीलाच सुरू होतं ना?" मी तेव्हा "हो हो" म्हणून सोडून दिलं. पण ते अर्धंच खरं आहे. चर्चचं वर्ष नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं. त्या काळाला आम्ही आगमनकाळ म्हणतो. २०२४ मध्ये तो रविवार १ डिसेंबरला आला, आणि या वर्षी ३० नोव्हेंबरला. मधल्या बारा महिन्यांत आमच्या घरात जे झालं ते आज सांगणार आहे. त्यात गोव्याची यात्रा आहे, बायपास आहे, उंबराचं पाणी आहे. आणि एक गैरसमज आहे, जो आमच्याच घरात चौदा वर्षं मुक्कामाला होता. खरं तर हा भाग त्याच्यासाठीच केलाय.

आधी थोडी ओळख, नवीन श्रोत्यांसाठी. आम्ही वसईचे कॅथलिक. घरात आजी सामवेदी बोलते, म्हणजे ज्याला कादोडीही म्हणतात ती. चर्चमध्ये मिस्सा मराठीत. ऑफिसात इंग्रजी-हिंदी. मम्मी उत्तनची, तिचं माहेर ईस्ट इंडियन. पप्पा सत्तावन्न वर्षांचे. तीस वर्षं चर्चगेटची लोकल, आणि रविवारी मिस्सा झाली की वाडीत केळींच्या मागे. दहा वर्षांपासून डायबेटिस. आजी ब्याऐंशी वर्षांची आणि सगळ्यांपेक्षा तरतरीत. मी आणि धाकटा भाऊ.

तर डिसेंबर २०२४. गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचं दर्शन होतं, २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी. हे दर्शन साधारण दहा वर्षांतून एकदा असतं. याआधीचं २०१४-१५ मध्ये झालं, तेव्हा मी शाळेत होते. झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले आणि १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला. एरवी तो बॉम जीझस बॅसिलिकेत उंचावर ठेवलेला असतो, खालून नीट दिसतही नाही. दर्शनाच्या काळात तो समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणतात आणि माणसं रांगेने जवळून जातात. आमच्या वसईशीही त्यांचा संबंध आहे. ते स्वतः इथे येऊन गेलेत. त्यामुळे आजीचा हट्ट होता, "पुढच्या वेळी मी नसेन, या वेळी न्या."

कोकण रेल्वेने करमळीला उतरलो, तिथून जुनं गोवं अगदी जवळ. रांग मोठी. ब्याऐंशीची आजी उभी, आणि सत्तावन्नचे पप्पा दर दहा पावलांवर बसायला जागा शोधतायत. घाम असा की शर्ट पाठीला चिकटलेला. "काय होतंय?" विचारलं की एकच उत्तर, "ऊन लागतंय." दुखतंय का? नाही. छातीत काही? काही नाही. आम्ही लिंबूपाणी दिलं आणि पुढे गेलो.

इथे थांबते, कारण हे तुमच्या घरातही होऊ शकतं. सिनेमात हार्टचा त्रास म्हणजे माणूस छाती धरून खाली पडतो. डायबेटिस असलेल्या माणसाला बरेचदा तसं दुखतच नाही. साखरेमुळे नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे दुखण्याचा निरोप पोचत नाही. मग दिसतं काय, तर थोडं चालल्यावर धाप, नको तेवढा घाम, थकवा, कधी मळमळ. आपण त्याला ऊन म्हणतो, ॲसिडिटी म्हणतो, वय झालं म्हणतो. पप्पांनी महिनाभर तेच केलं. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला क्वायरमध्ये गाताना ते दुसऱ्याच गाण्याला खाली बसले, तेव्हा मम्मीने ठरवलं की आता बास.

त्याच रात्री रोममध्ये पोप फ्रान्सिस यांनी पवित्र दार उघडलं आणि ज्युबिली वर्ष सुरू झालं. कॅथलिकांमध्ये हे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येतं. या वेळी त्याचं नाव होतं आशेचे यात्रेकरू. आम्ही घरी फुगे आणि इंद्याल खात ते मोबाईलवर पाहिलं. फुगे म्हणजे मैद्याचे, आंबवून तळलेले गोल, आतून पोकळ. पप्पांनी सहा खाल्ले. ते शेवटचे सहा, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

जानेवारीत तपासण्या. ट्रेडमिल टेस्ट मध्येच थांबवावी लागली. मग अँजिओग्राफी. तीन रक्तवाहिन्यांत अडथळे. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून तीन ठिकाणी फुल्या मारल्या आणि म्हणाले, बायपास. पप्पांनी विचारलं, "ईस्टरनंतर करूया का?" डॉक्टर म्हणाले, "ईस्टर कधी आहे मला माहीत नाही, पण मार्चच्या पुढे नको."

आता त्या गैरसमजाकडे येते.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला लूर्द मातेचा सण असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये हाच दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून ठरवला, आणि १९९३ पासून तो पाळला जातो. आमच्या पॅरिशमध्ये त्याच्या जवळच्या रविवारी आजाऱ्यांसाठी खास मिस्सा असते. मिस्सेत फादर प्रत्येक आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावतात आणि प्रार्थना करतात. आम्ही पप्पांना म्हटलं, "चला, ऑपरेशन आहे, तेल लावून घ्या." पप्पा एवढे भडकले की आम्ही घाबरलो. "मी काय मरायला टेकलोय?"

त्यामागे एक गोष्ट आहे. २०११ मध्ये माझे मोठे काका गेले. बावन्न वर्षांचे. रात्री छातीत दुखायला लागलं, सगळ्यांना वाटलं गॅस. ओवा दिला, सोडा दिला. पहाटे काका बोलायचे बंद झाले, तेव्हा कोणीतरी धावत फादरांकडे गेलं. फादर आले, तेल लावलं, प्रार्थना केली. अर्ध्या तासात काका गेले. पप्पा तेव्हा पायाशी उभे होते. त्यांच्या डोक्यात तेल आणि मरण यांची गाठ त्या पहाटे पडली. आणि ते एकटे नाहीत. आमच्या भागात आजही एखाद्याच्या अंगणात फादरची स्कूटर संध्याकाळी दिसली की शेजारीण कुंपणावरून विचारते, "काय गं, जास्त आहे का?"

ही भीती कुठून आली, तर नावातून. शेकडो वर्षं या विधीला शेवटचा अभ्यंग म्हणत. लोक शेवटच्या घटकेपर्यंत थांबत आणि मग फादरांना बोलवत. साहजिकच, तेल लावलेला माणूस बहुतेक वेळा जायचाच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते ६५ मध्ये, सांगितलं की हा फक्त मरणाऱ्यांचा संस्कार नाही, याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणं जास्त बरोबर. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा नवा विधी मंजूर केला. त्यानुसार गंभीर आजार असलेला कोणीही तो घेऊ शकतो. मोठ्या ऑपरेशनआधी घेता येतो. म्हातारपणाने खंगलेल्यांना घेता येतो. आणि तो एकदाच मिळतो असंही नाही. बरं होऊन पुन्हा आजारी पडलात किंवा तोच आजार बळावला, तर पुन्हा घेता येतो. मूळ आधार नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा आहे, पाचवा अध्याय. तिथे आजाऱ्याने मंडळीतल्या वडिलांना बोलवावं असं म्हटलंय. मरणाऱ्याने, असं नाही.

मग खरा शेवटचा संस्कार कोणता? तर पवित्र कम्युनियन. मरणाच्या वाटेवर असलेल्याला जे दिलं जातं त्याला वाटेची शिदोरी म्हणतात. हे मला स्वतःला या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी दहा वर्षं संडे स्कूलला गेलेय!

हे सगळं मी पप्पांना जेवताना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आमटी वाढ."

५ मार्चला राखेचा बुधवार आला. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या जाळून जी राख होते, ती या दिवशी कपाळाला लावतात. तिथून ईस्टरपर्यंतचा काळ उपवासाचा, प्रायश्चित्ताचा. या काळात आमच्याकडे लग्नं शक्यतो ठरवत नाहीत, बँड वाजत नाही. पप्पा दरवर्षी कडक पाळतात. या वर्षी त्यांनी जाहीर केलं की राखेच्या बुधवारी ते एकदाच जेवणार.

डायबेटिसची गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं की काय होतं हे ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना सांगायला नको. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने साखर एकदम खाली जाते. हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस गोंधळतो, बेशुद्धही होऊ शकतो. आणि ज्याच्या हृदयाच्या तीन वाहिन्या अडलेल्या आहेत त्याच्यासाठी तर हा नसता धोका. मी तडक फादरांकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते नीट ऐका, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात एखादी आजी आहे.

चर्चचा नियम असा: उपवास बंधनकारक आहे तो अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, आणि तोही वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा पूर्ण झाल्यावर लागतो. आजारी माणसाला उपवासातून सूट आहे. म्हणजे आमच्या घरात वयाच्या नियमात बसणारे पप्पा आजारी म्हणून सुटले, आणि आजी तर बावीस-तेवीस वर्षांपूर्वीच सुटलीय. तरी ती धरते. तिला नियम सांगितला तर म्हणते, "तो नियम तुमच्या पोपचा."

आजीची आणखी एक गंमत कळली, जी गंमत नव्हती. ती रविवारी सकाळी बीपीची गोळी घेतच नव्हती. का? तर कम्युनियनच्या आधी पोटात काही जाऊ नये. मिस्सा होऊन, सगळ्यांशी बोलून घरी येईपर्यंत दहा वाजायचे. वर्षानुवर्षं दर रविवारी! आता कम्युनियनआधीचा उपवास एक तासाचा आहे, आणि त्यातही पाणी आणि औषध कधीही चालतं. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना, इतकंच काय त्यांची सेवा करणाऱ्यांनाही, त्या एका तासाचीही सक्ती नाही. पण आजीचं पहिलं कम्युनियन १९५१ चं. तेव्हा मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नव्हता. पाण्याची परवानगी १९५३ मध्ये आली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. आठव्या वर्षी जे शिकवलं ते तिने धरून ठेवलं. नंतर नियम बदलल्याचं तिला कोणी समजावून सांगितलंच नसावं. मला राग आला, पण कोणावर काढणार? मी स्वतः इतकी वर्षं तिच्या शेजारी बसत होते.

पप्पांनी अखेर बुधवारी तिन्ही वेळा जेवण केलं, तोंड पाडून.

या सगळ्या काळात घरात दुसराही एक पेशंट होता. १४ फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांना रोममध्ये हॉस्पिटलात दाखल केलं, मग दोन्ही फुप्फुसांचा न्युमोनिया. पप्पा सकाळी उठून आधी स्वतःची साखर बघायचे आणि मग पोपची बातमी. "आज ऑक्सिजन कमी लागला म्हणे." जणू शेजारच्या खाटेवरचा माणूस. २३ मार्चला, रविवारी, पोपना घरी सोडलं. पप्पांचं ऑपरेशन गुरुवारी, २७ ला होतं. त्या रविवारी पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा मोकळा दिसला.

त्याआधी इन्शुरन्सची लढाई झाली, ती पाच वाक्यांत संपवते कारण आठवली तरी डोकं फिरतं. कंपनीने आधी कॅशलेस नाकारलं. कारण डायबेटिस आधीपासून होता. अहो, पॉलिसी घेताना फॉर्मवर तेच लिहिलं होतं! जुन्या फॉर्मची प्रत मम्मीच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या दाखल्याखाली सापडली म्हणून वाचलो. तुमच्या घरातल्या पॉलिसीचा भरलेला फॉर्म आज मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

रक्तदाते हवे होते. पॅरिशच्या युवकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, आणि पप्पांच्या लोकलच्या डब्यातल्या ग्रुपवर भावाने टाकला. हॉस्पिटलात पोचलेल्या पहिल्या चौघांपैकी तिघे डब्यातले होते. सव्वीस वर्षं एकत्र भजन ऐकत प्रवास केलेली माणसं.

बुधवारी संध्याकाळी मी एक लबाडी केली. फादरांना फोन करून सांगितलं, "झगा न घालता या, साध्या शर्टात, भेटायला आल्यासारखे." फादर हसले आणि म्हणाले, "त्यांनी मला सकाळीच फोन केलाय."

म्हणजे आम्हा कोणालाही न सांगता पप्पांनी स्वतः बोलावलं होतं. फादर आले, झगा घालूनच. खोलीत पडदा ओढला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा आपला टीव्हीचा आवाज बंद करून हात जोडून बसले. एक छोटं वाचन, डोक्यावर हात, मग कपाळावर तेल, तळहातांवर तेल, प्रार्थना. सगळं मिळून दहा मिनिटंही नाही. पप्पांचे हात थरथरत होते आणि ते साखर कमी झाल्यामुळे नव्हतं. झाल्यावर ते म्हणाले, "एवढंच?" आणि मग फादरांबरोबर आयपीएलवर बोलत बसले. तेल पुसायचं की नाही यावर मम्मीची आणि नर्सची थोडी चर्चा झाली. शेवटी सकाळी ऑपरेशनआधी सगळं अंग औषधी साबणाने धुवायचंच होतं, तेव्हा गेलं.

बायपास म्हणजे काय, थोडक्यात. अडलेली वाहिनी उघडत नाहीत, तिच्या पुढे नवा रस्ता जोडतात. त्यासाठी छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी आणि पायातली एक शीर वापरतात. म्हणून पेशंट घरी येतो तेव्हा छातीइतकाच पायही दुखतो, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं. छातीचं मधलं हाड कापून नंतर तारेने बांधतात. ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, उठताना हातांवर जोर द्यायचा नाही. खोकला किंवा शिंक आली की उशी छातीशी घट्ट धरायची. पप्पा घरात उशी घेऊन फिरायचे, भाऊ त्यांना टेडी म्हणायचा.

आठवडाभराने घरी आले. १३ एप्रिलला झावळ्यांचा रविवार मोबाईलवर, उत्तम शुक्रवारची क्रुसाची वाट मोबाईलवर. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती आणि त्यावरून सगळ्यांच्या. भावाने ठरवलं की ती ज्योत पप्पांसाठी घरी आणायची. प्लास्टिकची बाटली कापून त्यात मेणबत्ती, एका हातात ती आणि मी मागे बसून ती धरलेली. वाटेत दोनदा विझली. दोनदा आम्ही काडेपेटीने पेटवली. पप्पांनी ती घेतली, डोळ्यांत पाणी, "चर्चची आहे ना?" आम्ही दोघं म्हणालो, हो. हा भाग पप्पा ऐकतील तेव्हा त्यांना कळेल. सॉरी पप्पा.

ईस्टरच्या दुपारी पोप बाल्कनीत आलेले पाहिले. दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, ते गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. पप्पा उशी छातीशी धरून रडले, आणि रडताना टाके ओढतात म्हणून आणखी रडले. नंतर दोन दिवस ते गप्प होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला होता. ८ मे ला नवे पोप, चौदावे लिओ, निवडले गेले तेव्हा आम्ही मामाकडे होतो, लग्नघरात.

मामाच्या मुलाचं लग्न उपवासकाळ संपल्यावरच्या मोसमातलं. ईस्ट इंडियन लग्नात उंबराचं पाणी असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून बायका विहिरीवर जातात, पाणी भरतात, त्या पाण्याने नवऱ्या मुलाला आंघोळ घालतात. विहिरीवर अख्खं गाव नाचतं. पप्पा दरवर्षी कुठल्यातरी लग्नात पहिल्या रांगेत नाचतात. या वेळी विहिरीजवळ खुर्ची, मांडीवर उशी. बँडवाल्याने ओळखलं आणि खुर्चीसमोर येऊन एक अख्खं गाणं वाजवलं. पप्पांनी फक्त डावा पाय हलवला, ज्यातून शीर काढली नव्हती तो.

पावसाळा चालण्यात गेला. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू वाढवत रोज अर्धा तास. आम्ही फिटनेस बँड आणून दिला. पप्पांनी तो दोन दिवसांत काढून आजीला दिला आणि स्वतः जपमाळ घेतली. रोझरीचे पाच दशक म्हणायला त्यांना अठरा मिनिटं लागतात. सुरुवातीला ओट्यावर दोन दशक. जुलैत एक पूर्ण माळ. ऑगस्टअखेर जाताना एक, येताना एक. डॉक्टरांनी विचारलं, "किती चालता?" तर म्हणाले, "दोन माळा." डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.

७ सप्टेंबरला कार्लो अकुटिस संत झाला. हा आपल्या पिढीचा, १९९१ मध्ये जन्मलेला, कॉम्प्युटरवेडा मुलगा, रक्ताच्या कॅन्सरने पंधराव्या वर्षी गेला. त्याच्यावर वेगळा भाग करायचाय, म्हणून इथे एवढंच.

दुसऱ्या दिवशी मारियामातेचा जन्मदिवस आणि त्यानंतरच्या रविवारपासून वांद्र्याच्या मोत माऊलीची जत्रा, माउंट मेरी. आजीने ऑपरेशनच्या वेळी नवस बोलला होता. जत्रेत मेणाच्या वस्तू विकतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवं असेल तर मेणाचं घर, बाळ हवं असेल तर बाळ. सगळ्या धर्मांची माणसं घेतात. मला हे कधीच फारसं पटलेलं नाही, जरा सौदा केल्यासारखं वाटतं. आजीने मेणाचं हृदय घेतलं. पप्पांनी ते हातात धरून उलटसुलट पाहिलं आणि विक्रेतीला म्हणाले, "यात वाहिन्या दाखवल्या नाहीत." मग पायऱ्या. मी लिफ्ट, गाडी, रिक्षा सगळं सुचवलं. ते चढले, मध्ये दोनदा थांबून. धाप लागली नाही. माझं लक्ष पूर्ण वेळ त्यांच्या शर्टाच्या पाठीकडे होतं. कोरडी होती. मेणाच्या हृदयाबद्दल मी त्या दिवशी काही बोलले नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मामाकडे आगेरा, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. तिथे पप्पांनी जेवणाच्या पंगतीत भात मोजून घेतला, आणि मामीला वाईट वाटलं. असो.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस. या वर्षी रविवारीच आला. सगळे कबरस्तानात जातात, कबरी धुतात, झेंडू-शेवंती आणि मेणबत्त्या लावतात. पप्पांनी काकांची कबर स्वतः धुतली, बादली मात्र भावाने उचलली. मेणबत्ती लावून उठताना म्हणाले, "त्या रात्री फादरना जरा आधी बोलावलं असतं तर." आजी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टरला आधी बोलावायचं होतं रे. आपण ओवा देत बसलो." एवढ्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. पप्पा काही बोलले नाहीत, तिचा हात धरून गेटपर्यंत आणला.

आता येत्या फेब्रुवारीच्या आजाऱ्यांच्या मिस्सेसाठी आमच्या आळीतल्या लोकांना फोन करायचं काम पप्पांनी मागून घेतलंय. पहिल्याच फोनवर पलीकडून ऐकू आलं, "मी काय मरायला टेकलोय?" पप्पांनी स्पीकरवरून फोन काढला आणि आत जाऊन वीस मिनिटं बोलत बसले. तो माणूस येणार आहे की नाही, अजून कळलेलं नाही.

आज मी हे रेकॉर्ड करतेय तेव्हा बाहेर नाताळचा गोठा बांधणं चालू आहे. शिडीवर भाऊ आहे, कारण पप्पांना शिडीची बंदी. ऑडिओ ऐकणाऱ्यांना मागे सारखा एक आवाज येत असेल, "डावीकडे, अरे डावीकडे, तारा वाकडा झालाय." तो पप्पांचा आहे. तो मी एडिट केलेला नाही.